पातळ टाका म्हणाली

मंगळवार, संध्याकाळ

तेलाबद्दल माझंच बरोबर होतं. तरी सकाळपासून स्वतःची लाज वाटतेय.

अण्णांनी पुंडलिकनगरच्या गॅरेजात आमच्या नव्या गाडीसाठी जाड तेल मागितलं, वीस-पन्नास. वाळूजच्या कंपनीची जुनी जीप त्यांनी वर्षानुवर्षं त्याच तेलावर चालवली. थेंब चिमटीत चोळून म्हणाले, "हे बघ, कसं चिकट हाय. इंजिनाला तूप लागतं, तूप!"

गाडीच्या पुस्तकात झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी लिहिलंय. या इंजिनाला पातळच तेल लागतं, गार असतानाही ते लगेच सगळीकडं पोहोचतं. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मी चारचौघांत म्हणाले, "अण्णा, अडाण्यासारखं काहीही काय सांगता?"

मिस्त्री हसला. "काका, पोरीनं बोलतीच बंद केली की तुमची!"

"मग शिकवली कशासाठी?" अण्णाही हसले. पण चिमटीतलं तेल पुसायचं विसरून तसेच उभे राहिले.

अडाणी. ते पुस्तक इंग्रजीत आहे, हे मला ठाऊक होतं. गाडी आल्यापासून त्यातलं एक पान तरी मी त्यांना वाचून दाखवलं का? आणि रविवारी मी मुलांचा वर्ग घेते, तिथं सांगते, न कळणाऱ्याला हसू नका.

आत्ता स्वयंपाकघरात अण्णा आईला सांगत होते, "पोरीनं आज इंजिन वाचवलं."

"व्हय? काय म्हणाली?"

अण्णा रिकामी चिमूट चोळत राहिले. मी दाराशीच थांबले.

"पातळ टाका म्हणाली."

बाकीचं त्यांनी आईला सांगितलं नाही.