बियाण्याच्या कणगीतला कागद

मी, महिपती अंबाजी केदारी, वय ६६, धंदा शेती, राहणार कामशेत, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे, असा दाखला इथल्या डॉक्टरांनी दिला आहे. तीस वर्षांपूर्वीचा तसा दाखला कोणी देणार नाही, आणि देऊही नये.

१. माझी पत्नी कै. चंपा ही माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाला मुलगा नव्हता आणि त्याचं भातखाचर आमच्या खाचराला लागून होतं. लग्न झालं, मधला बांध काढला, शेत एक झालं. सगळ्या गावाने आम्हाला शहाणं म्हटलं.

२. राहतं घर, शेत आणि पोस्टातली शिल्लक माझ्या पश्चात मुलगी अनिता हिची. मुलगे दोन होते. संदेश सतरा वर्षांचा होऊन गेला, नवनाथ अकरा वर्षांचा. दोघांना थॅलेसेमिया होता. अंगात रक्त टिकत नसे, दर तीन आठवड्यांनी पुण्याला नेऊन चढवावं लागे.

३. संदेशचा रेडिओ नसीरभाईला, म्हणजे भातगिरणीवाल्या माझ्या मित्राला द्यावा. त्याचा रक्तगट जुळला, आणि वर्षातून तीनदा तो न सांगता येऊन रक्त देई. माझ्या पोरांच्या अंगात त्याचं रक्त होतं. माझं काय होतं, ते पुढे लिहितो.

४. माझी बहीण बयाबाई हिला या मिळकतीत काही देऊ नये. 'चंपाच्या रक्तातच खोट,' असं ती चारचौघांत बोलत असे, आणि मी ऐकून घेत असे. डॉक्टरांनी मला कागदावर रेघा ओढून समजावलं होतं. शरीराच्या प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तर माणूस धडधाकट दिसतो, त्याला वाहक म्हणतात. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या की आजार. चंपाची बिघडलेली प्रत तिच्या आजोबांची, माझीही त्यांचीच, कारण आमचा आजोबा एकच. खोट दोघांची सारखी होती, पण शिव्या तिने एकटीने खाल्ल्या. मी भित्रा होतो.

५. संदेशच्या वेळी डॉक्टर म्हणाले, चारात एक मूल असं होऊ शकतं. मी हिशोब केला की ते एक झालं, आता पुढची तीन निरोगी. म्हणून आधी अनिता, मग नवनाथ. मी दर तीन वर्षांनी दुसऱ्या गावाहून इंद्रायणीचं बियाणं आणून बदलणारा शेतकरी, माझ्या बियाण्याला लांबून गिऱ्हाईक यायचं. नवनाथचाही रिपोर्ट आला त्या दिवशी चंपा एवढंच म्हणाली, "भाताला परकं बी चालतं. घराला न्हाई चाललं."

६. संदेश गेल्यावर डॉक्टरांनी अनिताचं रक्त तपासलं. ती निरोगी, पण वाहक. तो कागद मी प्लास्टिकात गुंडाळून बियाण्याच्या कणगीत घातला. पोरीचं लग्न कसं होणार, ही भीती. मग बयाबाईने तिच्या पप्पूसाठी मागणी घातली, मी शब्द दिला. गेल्या वर्षी अनिता तिच्या आत्याची सून होऊन शिरगावला गेली. पप्पूचं रक्त तपासा, असं माझ्या तोंडून निघालं नाही. सदर कागद माझ्या पश्चात अनिताला द्यावा.

इथवर लिहून मी साक्षीच्या सहीसाठी नसीरभाईकडे नेलं. त्याने दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"महिपती, तिला चौथा म्हैना हाय. तू मेल्यावर वाचायचं व्हय तिनं हे?"

७. सबब कलम सहामधली शेवटची ओळ रद्द. कागद त्याच दिवशी मी स्वतः शिरगावला नेऊन अनिताच्या हातात दिला. कुठे दडवला होता, तेही सांगितलं. तिने वाचला. म्हणाली, "दादाच्या हातावरच्या सुयांच्या खुणा मी मोजायचे, आबा. आन तुमी हे बियात ठिवलंत." मग तिने चहा करून दिला. मी तो प्यालो, याची मला लाज वाटते.

८. पप्पूने कुरकुर न करता रक्त दिलं. काल रिपोर्ट आला. तोही वाहक. पोटातल्या बाळाची तपासणी येत्या गुरुवारी पुण्याला आहे. काही वेडंवाकडं निघालं तर काय करायचं, ते अनिताने ठरवावं. बयाबाईने नाही आणि मीही नाही.

९. शेत अखंड ठेवण्याची अट मी घालत नाही. विकावं, तोडावं, पडीक टाकावं. कणगीतलं बियाणं नसीरभाईने नेऊन भरडून टाकावं.

१०. अनिताच्या पश्चात वारस म्हणून नाव लिहायची जागा खाली कोरी सोडली आहे. ती भरण्याइतका धीर मला नाही. चारात एक म्हणजे दर खेपेला नव्याने चारात एक, हे मला आता समजलं आहे. संदेश आणि नवनाथने भोगलं ते या बाळाच्या खाती धरलं जात नाही.

वारस : ______________

लिहून देणार : महिपती अंबाजी केदारी (सही)

साक्षीदार :
१. नसीर इब्राहिम मुलाणी, कामशेत (सही)
२. येसूबाई धोंडू गराडे, शेजारीण, कामशेत (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ : कामशेत
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५