सुमननं मारलेली गाठ

मावला. मंगळवार, दिवेलागण.

दीड महिन्यानं नागपूरच्या दवाखान्यातून घरी आलो. एकटाच. सुमनले, माह्या बायकोले, तिथंच अग्नी दिला.

ऑटो अंगनात निंबाखाली उभा हाय. जाताना तिनंच त्याच्यावर कापसाची ताडपत्री टाकली, अन् गाठोड्याले मारते तशी गाठ मारली. "आल्यावर मीच सोडीन," म्हने. ताडपत्रीले सरकी चिकटून होती, मंग उंदरं येतीनच. वाकून पाह्यलं तं कुरतडलेल्या वायरी खाली लोंबून राह्यल्या.

धाकटा भाऊ म्हने, "दादा, दोरी कापू का?" मी खेकसलोच त्याच्यावर. काऊन खेकसलो? तिची गाठ मले सोडवत नाई, कापवत बी नाई.

ताडपत्रीखाली उंदरायचा संसार चालू हाय. चालू दे.