पाठराखिणीचे दोन दिवस

यवतमाळ, ९ फेब्रुवारी

आई, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागते. सवड नव्हती असं लिहिणार होते. ते खरं नाही.

पुढच्या आठवड्यात दादाच्या मुलीचं लग्न आहे. करवली माझी लेक, आणि नवरीसोबत सासरी पाठराखीण म्हणून जाणारही तीच. काल तिनं विचारलं, "करवली मांडवात मिरवते, ते समजलं. पाठराखीण कायले लागते?" दादा म्हणाला, "नव्या घरी नवरीले करमलं पायजे म्हणून." मी गहू निवडत राहिले.

ताईची पाठराखीण मी होते. बाभुळगावच्या त्या घरात तिची सासू मला तिसरी पुरणपोळी वाढते आहे, ताई ताटाची वाट पाहत दाराशी उभी आहे, आणि सासू म्हणते, "पाठराखीण पावनी असते बाई. नवरीले काय, जनमभर इथंच खायाचं हाय." मी हसते. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या डाव्या हातातला हिरवा चुडा फुटलेला असतो, मनगट सुजलेलं. "न्हाणीत घसरली मी," ती माझ्याकडे न बघता म्हणते. मग हळूच, "अजून एक दिवस राह्य ना." मी म्हणते, "घरी वाट पाहून राह्यले." खरं म्हणजे मला तिथून निघायचं होतं. निघताना सासूनं ओटी भरून मोरपंखी साडी दिली.

तू दारातच विचारलंस, "कशी हायेत वं मानसं?" "चांगली हायेत," मी साडी दाखवत म्हटलं. दोन महिन्यांनी ताई एकटीच एसटीनं आली, मारतात म्हणाली, तेव्हा तू माझ्याकडे बोट केलंस. "हे पोट्टी दोन दिवस राहून आली तिथं. इले काही दिसलं नाही, तुलेच काहून दिसते?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी दादा तिला पोचवून आला. पोळ्याच्या आधी ती त्यांच्या विहिरीत सापडली.

तू शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिलीस. मी बोलले असते तर तुझा भार हलका झाला असता, की तू मला कधीच माफ केलं नसतंस, हे मी तोलत बसले, आणि त्यातच तू गेलीस. फुटलेला चुडा मी पाहिला होता, आई. आणि ती साडी ताई गेल्यावरही मी नेसत होते, रंग शोभायचा म्हणून.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. लेकीला मात्र आज जेवताना सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मंग मी दोन दिवसात नाही येत."

उद्या: तिच्या कॉलेजात आठ दिवसांच्या रजेचा अर्ज द्यायचा.