कुमुदच्या कपात काय आहे

६ जानेवारी, अमरावती

सकाळी दूध तापवताना कुमुद आठवली. आम्ही दोघी बहिणी कॉन्व्हेंटच्या गणवेशात, ओट्याशी उभ्या. पुढे दोन पेले. तिला साय सहन होत नसे, ओठाला लागली की शहारायची. मी बोटाने तिच्या पेल्यातली साय उचलून खायची, मग ती डोळे मिटून दूध संपवायची. आई पाठमोरी. रोजचंच होतं.

आता तिला अर्धांग होऊन दीड महिना झाला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. अकोल्याला, लेकाकडे. घट्टसर पातळ काही असलं तर चमच्याने गिळते. नितीनचा फोन आला. "मावशी, डॉक्टरनं पावडर लिवून देल्ली. आई चांगली पिऊन राहिली." कसली पावडर? "प्रोटीनची. व्हेज आहे, हिरवा ठिपका आहे त्याच्यावर."

डब्याच्या पाठीचा फोटो पाठवायला सांगितलं.

७ जानेवारी

फोटो मोठा केला, वर भिंग धरलं. अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. दुधाची प्रथिनं. व्हे, म्हणजे दुधाची निवळी. सोडियम केसिनेट, म्हणजे पुन्हा दूधच. डी-थ्री जीवनसत्त्व, ते बहुतेक मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढतात. आणि पुढून हिरवा ठिपका.

कुमुदने नऊ वर्षांत दुधाचा थेंब घेतलेला नाही. सासरच्या गोठ्यात म्हशीपुढे तिचंच मेलेलं रेडकू उभं केलेलं तिने पाहिलं, कातड्यात भुसा भरून. म्हैस ते चाटत होती, गडी धार काढत होता. त्या दिवसापासून चहा कोरा. मग दही, तूप, मधसुद्धा बंद. कोणाला उपदेश नाही. व्हीगन हा शब्द तिला नातीने सांगितला. तेव्हा म्हणाली होती, "नाव काही का असेना ताई, म्हशीचं म्हशीला राहू दे."

नितीनला फोन लावला, हे सगळं आठवण करून दिलं. म्हणाला, "आता तिले काय कळते मावशी?"

फोन ठेवून दिला. तिला कळत नाही म्हणून तर आपल्याला कळायला हवं.

१० जानेवारी

चार दुकानं. पहिल्यात, "व्हीगन? शुगर-फ्रीच्या खाली पाहा मॅडम." तिथे एक 'नॉन-डेअरी' पावडर. उलटून वाचली. केसिनेट. नावात दूध नाही, पोटात दूध. मालकाला दाखवलं तर म्हणे, "कंपनीवाले आपल्याहून शिकलेले असतात."

नितीनकडच्या डब्यावरचा हेल्पलाइन नंबर फिरवला. मी माझ्या चांगल्या इंग्रजीत विचारलं, मुलीने हिंदीत उत्तर दिलं, "मॅडम, ग्रीन डॉट है ना." मी म्हटलं, ठिपका मांस नाही, अंडं नाही एवढंच सांगतो. "मॅडम, मिल्क तो व्हेज ही होता है." तिची चूक नाही. म्हणूनच जास्त संताप आला, कोणावर काढावा ते कळेना. आमच्या नन्सनी छडी मारमारून इंग्रजी घोटून घेतलं ते म्हातारपणी डब्यांच्या पाठी वाचायला.

शेवटी एका औषधाच्या दुकानात सोया आणि वाटाण्याच्या प्रथिनांचे डबे मिळाले. व्ही आणि पान अशी व्हीगनची हिरवी खूण. तरीही सगळं वाचलं. दोन घेतले.

१३ जानेवारी, अकोला

सकाळच्या एस.टी.ने आले. कुमुदने डाव्या हाताने माझं बोट धरलं आणि सोडेना. मनगट केवढंसं झालंय.

स्वाती, नितीनची बायको, कौतुकाने सांगायला आली, "मावशी, तुम्ही बोललात तेव्हापासून दूध देणं बंद केलं हो. सकाळी नुसती दशमी वरणाच्या पाण्यात कुस्करून देते." मी विचारलं, कणीक कशात भिजवलीस? "दुधात. पण ते पिणं थोडंच आहे? आजारी माणसाला पाण्यातलं कसं द्यायचं?"

मी ओरडले. ताराबाई, कुमुदचं सगळं करणाऱ्या बाई, हातातलं पातेलं खाली ठेवून बघत राहिल्या. स्वाती रडत आत गेली.

ओरडायला नको होतं. आमची आईही हेच म्हणाली असती. दुधात भिजवलं की ते सोवळं, देवाला चालतं, प्रवासात टिकतं. आपल्याकडे दूध पदार्थात धरतच नाहीत, ते पाण्याच्या वरचं पाणी. पण मग सांगायचं तरी कुठून कुठपर्यंत?

औषधांत दोन प्रकारच्या कॅप्सूल. दोन्हींचं कवच जिलेटिनचं, म्हणजे हाडांतलं, कातड्यातलं. त्या पाकिटांवर ठिपकाच नाही, ना हिरवा ना तपकिरी.

१५ जानेवारी

सोया थुंकली. वेलची घातली, खजूर वाटून घातला. डाव्या हाताने चमचा ढकलला, पदरभर सांडलं. ताराबाई चव घेऊन म्हणाल्या, "बाई, हे मलेच नाई जाणार, त्या बिचारीले कसं जाईन?"

दुपारी नितीनने माझ्यासमोर जुना डबा उघडला, कपात कालवलं, पाजलं. सगळं प्यायली. ओठ चाटले.

"पाह्यलं? अन् मावशी, तू सोता तं दुधाचा चहा पिते. मंग आईवर काहून एवढा कायदा?"

खरं आहे. पिते. पण तो कायदा मी केलेला नाही, तिने केला, स्वतःवर.

राग कुमुदचा आला. नऊ वर्षं सगळ्या लग्नांत नुसता वरण-भात खाल्लास आणि आता ओठ चाटतेस. मग त्या रागाची इतकी लाज वाटली की तिच्या पायांना तेल लावत बसले.

१७ जानेवारी

वजन पुन्हा उतरलं. आहारतज्ज्ञ मुलगी घरी आली होती. प्रथिनं गेलीच पाहिजेत, नाहीतर नाकातून नळी. नळीतून देतात त्यात काय असतं, विचारलं. त्यातही दूध. बिनदुधाचं मिळतं का? बघावं लागेल, वेळ लागेल.

ती गेल्यावर नितीन म्हणाला, "आई गेली तं तू म्हणशीन, नेम तं पाळला."

मुस्काटात द्यावीशी वाटली. त्याचे डोळे भरलेले होते म्हणून नाही दिली.

संध्याकाळी दोन्ही डबे कुमुदपुढे धरले. लेबलं वाचून दाखवली, शब्दन् शब्द, मग मराठीत. ह्यात दूध आहे कुमुद. ह्यात नाही. काय देऊ? तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, कळलं हिला. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, अशा पेशंटना रडू येतं, त्याला अर्थ असेलच असं नाही.

असेलच असं नाही. म्हणजे नसेलच असंही नाही.

१९ जानेवारी

ताराबाईंनी सुचवलं, शेंगदाणे भिजवून वाटा, गाळा, गूळ घाला. "आमच्याकडं बाळंतिणीले देतेत." कुमुदने सहा चमचे घेतले, सातव्याला तोंड मिटलं. स्वातीने न सांगता त्यातच कणीक भिजवून दशमी केली. माझ्याकडे न बघता ताट ठेवून गेली. मी तिच्या मागे जाऊन पाठीवर हात ठेवला.

आहारतज्ज्ञ म्हणते, चांगलं आहे, पण एवढ्याने पुरणार नाही.

२१ जानेवारी

उद्या परत जायचं. माझ्या मोतीबिंदूची तारीख परवाची, ती हलत नाही. स्वातीसाठी कागद लिहून फ्रिजवर लावला. तोच इथे उतरवते.

वरची फळी कुमुदची. तिथे शेंगदाणे, तीळ, खजूर, गूळ आणि सोयाचा उघडा डबा. सोया रोज एक चमचा शेंगदाण्याच्या दुधातून देऊन बघ, थुंकली तर जबरदस्ती नको. सोयाचा न उघडलेला डबा दुकानदार परत घेतो म्हणालाय, तो मी घेऊन जातेय. तूप आणि मध तुम्हा घरच्यांना, खालच्या फळीवर. कॅप्सूल औषधवाल्याला परत, त्याऐवजी साध्या गोळ्या लिहून द्या म्हणून डॉक्टरांना तू विचार, नितीन विसरतो. दुधाच्या पावडरीचा नितीनने आणून ठेवलेला दुसरा, सीलबंद डबा ताराबाईंना, त्यांच्या सासूला दात नाहीत. माझी निळी शाल कुमुदला राहू दे.

दुधाच्या पावडरीचा उघडलेला डबा नितीनकडे. शनिवारी वजन करतील. उतरलं असेल तर त्यातलं द्यायचं की नाही हे मला फोन करून विचारू नका.