वरच्या वर्गातला टाका

गुरुवार, १२ मार्च

आज संग्रहालयातून हाकलला गेलो. अगदी हाकलला नाही — पण राखणदार "काका, उठा तिथून" असं दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा त्यात 'काका' नव्हतं.

चूक माझीच. दोरीपलीकडे दीडशे वर्षांपूर्वीची एक खुर्ची ठेवली होती. लोक समोरून बघत होते. समोरून काय बघायचं! खुर्ची खालून बघायची असते. मी सरळ फरशीवर आडवा झालो आणि मान आत घातली. पट्टे अजून ताणलेले, काथ्या जुनाच, आणि कडेचा हातटाका असा की बघत राहावं. कोण असेल तो कारागीर? त्याच्यासाठी मनात हात जोडले. प्रत्यक्ष जोडायला जागा नव्हती, डोकं खुर्चीखाली होतं.

राखणदार आला तेव्हा ही त्याला म्हणाली, "चक्कर वगैरे नाही हो आली. धंदाच आहे त्यांचा." मग मला, "सहलीला आलोय की दुरुस्तीला?"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आणि जावयानं ही चार दिवसांची सहल दिली. हॉटेल, शहर बघणं, आणि परतीचं विमान प्रीमियम वर्गाचं. "जाताना साधं, पण येताना तरी पाय लांब करून या, बाबा," लेक म्हणाली. जन्मभर लोकांचे सोफे आणि खुर्च्या भरल्या, लोकांनी पाय लांब केले. मी स्वतः पाचवीपर्यंत गोणपाटावर बसून शिकलो. शाळेत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर गुरुजी.

शुक्रवार, १३ मार्च

सकाळी नाश्त्याच्या वेळी नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन. तीनशे चाळीस खुर्च्या नव्यानं भरायच्या. पाठीची कड हातानं शिवायची, यंत्र तिथं पोचत नाही. "सोमवारी दहापर्यंत हो की नाही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मला दुसरीकडे बघावं लागेल, पण तुमच्यासारखा हात नाही हो दुसऱ्याचा."

हात! नेमकं तेच म्हणायचं सुचलं त्याला.

"बघतो, कळवतो," म्हणालो. मोठा कामात असल्यासारखा. समोर ताटलीत अर्धा पाव होता.

दुपारचे तीन वाजलेत. ही झोपलीय आणि घोरतेय — करवतीनं फळी कापावी तशी, मध्येच थांबून फळी उलटी करावी तशी. म्हणजे अर्धा तास तरी निर्धास्त. लिहून घेतो.

नऊ महिने झाले. सुई ओवायला घेतली की उजवा हात थरथरतो. बाकी कशाला नाही. कातरी चालते, हातोडी चालते, सुई एकदा कापडात शिरली की तीही चालते, कापड हाताला धरून ठेवतं. फक्त दोरा आणि नेढं समोरासमोर आलं की झालं. रुसलेल्या सोयऱ्यांसारखे दोघं एकमेकांना चुकवतात.

म्हणून रविवारी सकाळी ही बाजारात गेली की मी दुकानाचं दार आतून लावून घेतो आणि बारा सुया ओवून डब्यातल्या जाड लोकरी नमद्यावर टोचून ठेवतो. तास-सव्वा तास लागतो. घाम येतो. पूर्वी तेवढ्या वेळात एक खुर्ची भरून उतरवायचो.

गंमत अशी की या बारा सुया आठवडाभर पुरतात. पूर्वी दोन दिवस पुरायच्या नाहीत. काम तेवढंच, टाके तेवढेच. कसं ते कळत नाही आणि मी विचारही करत नाही. सकाळी डब्याला हात जोडतो, उघडतो, ओवलेली सुई मिळते. देव देतो तेव्हा मोजू नये.

वडिलांचंही असंच झालं होतं. एक दिवस हात हलला, दुसऱ्या दिवशी त्यांनी कातरी खुंटीला टांगली. मग अकरा वर्षं ते स्वतःच खुंटीला टांगल्यासारखे राहिले. तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मला येत्या पावसाळ्यात पन्नास होतील.

हिला सांगितलेलं नाही. हिला सांगितलं की लेकीला कळणार, लेकीला कळलं की जावयाला, आणि जावयाला कळलं की डॉक्टर, तपासण्या, आणि "बाबा, आता दुकान बंद करा, आमच्याकडे या." लेक आधीच म्हणतेय. म्हणून फक्त या वहीत. वही बॅगेच्या तळाशी — अस्तर मीच शिवलंय, त्यात चोरकप्पा आहे. आमच्या धंद्याचा एवढा तरी उपयोग.

करवत थांबली. पुरे.

शनिवार, १४ मार्च

पाय दुखले. शहर छान आहे. बसच्या सीटा वाईट.

रविवार, १५ मार्च — विमानात

आज दोनदा शोभा झाली. पहिली तपासणीच्या रांगेत.

कॉलरमागे वाकडी सुई टोचून ठेवायची माझी जुनी सवय. जाताना आठवणीनं सामानात टाकली होती. आज विसरलो. यंत्र ओरडलं. तपासणाऱ्या बाईंनी ती चिमटीत धरून विचारलं, "हे काय?"

"सुई."

"अशी वाकडी?"

"वाकडीच असते. सरळ सुई गादीत जाते, पण बाहेर येत नाही."

बाईंनी ती डब्यात टाकली. ही मागून म्हणाली, "एवढी वर्षं बोलतेय ती कॉलर सोडा म्हणून. माझं ऐकलं नाही, यंत्राचं ऐकलं."

दुसरी शोभा विमानात. ती नीट लिहिली पाहिजे.

वरच्या वर्गाला आधी आत सोडतात. मी शाळेत गणितात नापास होऊनही गुरुजींनी मला दोनदा वरच्या वर्गात ढकललं होतं. आज तिसऱ्यांदा. सीट अशी रुंद की माझ्यासारखे दीड बसतील. पाय लांब केले तर पुढच्या सीटला लागेनात, तेव्हा उगाच अपराध्यासारखं वाटून परत जवळ घेतले. हवाईसुंदरीनं गरम टॉवेल दिला. मी घडी घालून खिशात ठेवला. हिनं बघितलं, तोंड पुसलं, आणि डोळ्यांनीच मला सांगितलं — बाहेर काढा तो.

मग सीट तपासली. न तपासून कसं चालेल! फोम बरा, चामडं अस्सल नाही पण नक्कल चांगली. आणि हिच्या हाताच्या टेकण्याची शिवण बोटभर उसवलेली. दोरा लोंबत होता. कुणाला दिसलाही नसता. पण जेवताना दातात अडकलेलं जसं स्वस्थ बसू देत नाही, तसं झालं.

हवाईसुंदरीला बोलावलं. ती म्हणाली, "माफ करा हं, काका. मॅडमना दुसरी सीट देऊ का?"

"सीट कशाला बदलता? सुईदोरा आहे का तुमच्याकडे? दोन मिनिटांचं काम."

इथं मी थांबायला हवं होतं. खरं तर त्याच्याही आधी. पण ती "खरंच?" म्हणून हसली, पलीकडचा कोटवाला मासिक खाली करून बघू लागला, आणि मी फुगलो. "तीस वर्षं हेच करतोय," असं म्हणालो. वर "डोळे झाकून करीन" असंही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बटणं लावायला ठेवतात तसली छोटी डबी आली. सुई नखाएवढी. सरळ.

दोरा चिमटीत धरला. नेढ्याजवळ नेला. आणि सुरू झालं! दोरा एकदा डावीकडून गेला, एकदा उजवीकडून. तोंडात धरून टोक ओलं केलं. पुन्हा. हवाईसुंदरी उभी. कोटवाला बघतोय. कपाळाला घाम. देवा, एवढा एक दोरा जाऊ दे, मनात म्हणालो. देव बहुधा साध्या वर्गात होता.

"विमान फार हलतंय," मी म्हणालो.

कोटवाल्यानं खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. विमान जागेवर उभं होतं. खाली अजून सामान चढवत होते. नाचता येईना, अंगण वाकडं — आणि इथं अंगणसुद्धा सरळ होतं!

तेव्हा हिनं माझ्या हातातून सुई घेतली. दोरा दोन बोटांत चेपला, एका दमात ओवला, टोक तर्जनीभोवती गुंडाळून अंगठ्यानं खाली लोटलं — बारीक गोल गाठ — आणि सुई माझ्या हातात दिली. हवाईसुंदरीला म्हणाली, "मोठ्या सुईची सवय आहे हो त्यांना. ही खेळण्यातली." आणि परत खिडकीकडे तोंड.

मी शिवलं. सुई शिरल्यावर हात शहाण्यासारखा वागला. सात टाके, आतून, वरून एकही दिसत नाही. कोटवाला म्हणाला, "वा!" हवाईसुंदरीनं सगळ्यांसमोर आभार मानले आणि जास्तीची चॉकलेटं दिली. ती हिनं पर्समध्ये टाकली.

आता आम्ही आकाशात आहोत आणि विमान खरोखर हलतंय. ही झोपलीय. घोरतेय — सगळ्या वरच्या वर्गाला कळतंय.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हिला सुई ओवता येत नाही. लग्न झाल्यापासून हिचं हेच — "माझ्याच्यानं नाही जात दोरा, तुम्ही द्या." ब्लाउजचं हूक असो की उशीची खोळ, ओवून मी द्यायचो. आणि आत्ता लक्षात येतंय — गेल्या कित्येक महिन्यांत तिनं एकदाही मागितलेली नाही.

रविवार — घरी, संध्याकाळी सहा

दुपारी बाराला पोचलो. ही म्हणाली, "तुम्ही जरा पडा. मी दुकानातली धूळ झटकून येते." मी पडलो तो चारला उठलो.

दुकानात गेलो. उद्या मॅनेजरला काय सांगायचं ते ठरवायला. खरं तर ठरलंच होतं. ज्याला उभ्या विमानात नखाएवढी सुई ओवता येत नाही, त्यानं तीनशे चाळीस खुर्च्या घेऊ नयेत. नाही म्हणायचं, शटर ओढायचं, लेकीकडे जायचं. वडिलांच्या खुंटीशेजारी अजून एक खुंटी आहे.

सवयीनं डब्याला हात जोडले. उघडला.

बुधवारी निघताना चार ओवलेल्या होत्या, आठ रिकाम्या. हे मला पक्कं आठवतं, कारण आठवड्याच्या मधोमध एवढ्या संपल्या म्हणून थोडा घाबरलो होतो.

आज बाराच्या बारा ओवलेल्या.

एक काढून उजेडात धरली. बारीक गोल गाठ. दुसरी काढली. तशीच. माझी गाठ अशी नसते. मी दोनदा अडकवतो, वडिलांनी शिकवलेली चपटी गाठ. गेले नऊ महिने या गोल गाठी माझ्या हाताखालून गेल्या असतील आणि मी, तीस वर्षांचा कारागीर, डोळे झाकून करणारा, बघितल्या नाहीत! रोज सकाळी हात जोडत होतो तेवढा. हात जोडले ते चुकलं नाही. पत्ता चुकला.

मग तिथंच स्टुलावर बसलो. कारण पुढचा विचार आला.

तिला कळलं कसं? हात फक्त सुई ओवताना थरथरतो, आणि ओवताना दार आतून बंद असतं. मी कुणाला सांगितलं? लेकीला नाही. देवाला सांगितलं, पण तो चहाड्या करत नाही.

सांगितलं ते फक्त या वहीला.

घरी ही वही कापडाच्या गठ्ठ्याखाली असते. तो गठ्ठा दर आठवड्याला कोण झटकतं? आणि चोरकप्पा! त्या बॅगेत माझे कपडे पंचवीस वर्षं कोण भरतं?

अरे देवा. मागची पानं चाळली. हिच्या माहेरच्यांबद्दल काय काय लिहून ठेवलंय! आणि त्या गुळचट चहाबद्दल. आणि करवतीबद्दल पाच ठिकाणी, आजचं धरून सहा.

एवढं सगळं वाचून ती रोज सुया ओवत राहिली. एक शब्द बोलली नाही.

आत्ता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येतोय. जाऊन सरळ बोलावं असं वाटतं. पण समोर गेलो की मी सुया, फोम, हवापाणी असलंच बोलणार. मला खरं बोलता येतं ते इथंच.

बरं. वाचतेसच तर वाच. मला भीती वाटते. तीनशे चाळीस खुर्च्या आहेत, दोन-अडीच हजार वेळा तरी सुई ओवायला लागेल, आणि मला ती ओवता येत नाही. एवढं मागायला जीभ रेटत नाही. उद्या दहाला मॅनेजरला काय सांगू?

वही आज लपवत नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवतो. पेन्सिलही ठेवतो.

सोमवार, १६ मार्च — सकाळी सात

वरच्या ओळींखाली पेन्सिलीनं, तिच्या गोल अक्षरात:

"मॅनेजरला हो सांगा. बुधवारी डॉक्टरकडे जायचं आहे, मी वेळ घेतली आहे. लेकीला मी काही बोललेले नाही. आणि मी घोरत नाही."