शेरभर तांदळाचं तिकीट

२ जानेवारी १९४४, रविवार

कप कमिटीची मीटिंग. फायनल १६ला, रेल्वेच्या मैदानावर. आमच्या हायस्कूलची टीम विरुद्ध रेल्वेच्या इंजिनशेडचे लोकोवाले. आजवर पोरं गोलच्या मागे फुकट उभी राहायची. यंदा चारी बाजूंनी कनात लागणार, आत पाय टाकायचा तर चार आणे. विद्यार्थ्यांनाही चार आणे! शाळेची टीम खेळणार आणि शाळेनेच ती बघायची नाही. अध्यक्ष भाताच्या गिरणीचे शेठ. म्हणाले, "फुकट्यांना ऊत आलाय, मास्तर." माझं डोकं फिरलं. म्हटलं, शंभर तिकिटं माझ्याकडे द्या, पोरांचे पैसे मी आणून भरतो. सही केली, गठ्ठा घेऊन आलो. वाटेत भान आलं. ड्रॉइंगचा टेंपररी मास्तर मी, मार्चमध्ये कायम करतील की नाही ठाऊक नाही, आणि तोंड हे असं.

सौ. म्हणाली, "पोरांकडे पावली? अहो, हल्ली पावली नुसती बघायला तरी मिळते का?"

४ जाने., मंगळ.

सौ.चं बरोबर. चिल्लर गडप झालीय. वाणी मोडीऐवजी चिठ्ठ्या देतो, पोस्टात तिकिटं हातावर ठेवतात. वर्गात विचारलं, चार आणे कोण आणील? सात हात वर. त्यातले दोन उगीच.

मधल्या सुटीत राघो बापाला घेऊन आला. राघो म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड, कोंडाणे गावातून रोज पायी येतो. बाप धर्मा दारातच उभा. म्हणाला, "पोराचा ख्येळ म्या अजून बगितला नाय, मास्तर. पैका नाय, पन तांदूळ हाय. न्हावी तांदूळ घेतो, कुंभार घेतो. तुमच्या चेंडूलाच तांदूळ चालत नाय व्हय रं?" शेवटचं राघोला. राघो लाजून लाल.

आधी हसलो. मग वाटलं, खरंच का नाही? भाताची झोडणी नुकतीच झालीय, घराघरात तांदूळ आहे. एका तिकिटाला शेरभर. सगळा एकदम शेठच्या गिरणीत घालायचा, पैसे कमिटीला. स्वतःवर इतका खूश बऱ्याच दिवसांत झालो नव्हतो.

९ जाने., रवि.

तिकिटं संपली, सौ.साठी ठेवलेलं एक सोडून! दप्तरातून, टोपीतून, आईच्या लुगड्याच्या फडक्यातून तांदूळ. खालापूरकडची तीन पोरं पाच कोस चालून आली. सौ. दारात माप घेऊन बसली होती, एका पोराने शिग न लावता सपाट भरलं तर त्याला म्हणते, "गं बाई, तुझा गोल अर्धाच का?" दोन पोती भरली. खाटेखाली सरकवली. खोलीभर नव्या तांदळाचा वास. उद्या गिरणीत.

१० जाने., सोम.

लिहून काढलं तर बरं वाटेल.

शेठला सांगितलं, दोन पोती तांदूळ आहे. त्यांनी उठून दार लावलं. "कुणाकुणाला माहीत आहे?" म्हटलं, सगळ्या शाळेला. ते मटकन बसले. "लायसनशिवाय तांदूळ गोळा करायचा नाही, घरच्या शिध्याहून जास्त साठवायचा नाही. जप्ती आणि कैद. मास्तर, स्टेशनाबाहेरचा बोर्ड वाचला नाहीत? अहो, तो तुम्हीच लिहिलाय की!"

मीच लिहिलाय. डिसेंबरात कचेरीतून मजकूर आला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून असले बोर्ड माझ्याकडेच येतात. काळ्यावर पांढरा ऑइल पेंट. मी वेलांट्या बघतो, दोन ओळींतली जागा बघतो. मजकूर कधी वाचतो? 'कैद' शब्दाच्या मात्रा दोनदा गिरवल्याचं आठवतं. त्या बऱ्या साधल्या होत्या.

शेठने तांदूळ घेतला नाही. "माझ्या दारात आणू नका, आणि मी काही ऐकलं नाही." पैसे मात्र मॅचच्या आधी हवेत.

११ जाने., मंगळ.

सायकल विकली, कमिटीचे पैसे भरले. तिकिटांची बाजू मिटली, तांदूळ राहिला.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझ्या हातचा बोर्ड, फूटभर अक्षरांत. गाडीला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचतो. आज मीही वाचला, पहिल्यांदा. वाचताना मागे कोणी उभं आहे असं सारखं वाटत होतं. कोणी नव्हतं.

१२ जाने., बुध.

सौ. म्हणते, परत करा. धर्माला बोलावून सांगितलं. म्हणाला, "आमी आनला तसा न्येऊ, मास्तर. पन पुलावर नाका बसलाय कालपास्नं. गाठोडी सोडून बगत्यात." म्हणजे पोरांच्या हाती दिला तर पोरं धरली जाणार. नदीत ओतायचा? बंगालात माणसं अन्नावाचून मेली म्हणून आम्हीच शाळेत वर्गणी काढली. हात धजणार नाही.

नवे सप्लाय इन्स्पेक्टर खालापूरहून बदलून आलेत. तिकडे तांदूळ दडवला म्हणून एका दुकानदाराला बेड्या घालून भर बाजारातून चालवलं म्हणतात. त्यांचा वसंता आमच्याच शाळेत, सहावीत. सगळ्या शाळेला माहीत आहे म्हणजे त्यालाही माहीत आहे.

१४ जाने., संक्रांत

सकाळी तिळगुळाला स्वतः इन्स्पेक्टर साहेब आले! खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर माझे रंग. साहेब खाटेवर बसले. बुटांच्या टाचा पोत्याला लागत असणार. सौ.ने हलवा दिला. माझ्या हातातून वाटी सांडली.

"अक्षर काय सुरेख हो तुमचं. स्टेशनावरचा बोर्ड बघत उभा राहिलो."

मी सांडलेला हलवा वेचत राहिलो.

"आमच्या वसंताला फायनल बघायचीय. विद्यार्थ्यांची तिकिटं तुमच्याकडे म्हणे. काय घेता?"

सौ.साठी ठेवलेलं तिकीट कपाटातून काढून दिलं. म्हटलं, काही नको.

"छे, फुकट नको. जो भाव सगळ्यांना तो आम्हाला. पाठवून देतो."

गेले. जाताना खोली एकदा नीट बघितली. की मलाच तसं वाटलं? वास तर येतोच, मला अजून येतो.

१५ जाने., शनि.

दुपारी वसंता आला. हातात पितळी डबा. "आईने दिलाय, तिकिटाचं." उघडला तर शेरभर तांदूळ, शिग लावून.

खाली बसलो. ह्याचा अर्थ काय? पोराने आईला भाव सांगितला, तिने सरळ दिला, बापाला पत्ताच नाही? की बापानेच पाठवला, मी घेतो का बघायला? आणि मी घेतला तर! वसंता डबा ठेवून केव्हाच पळाला होता.

सौ. डबा उजेडात धरून बघत होती. "अहो, इकडे या. नाव घातलंय." काठाखाली कोरलेलं, इन्स्पेक्टरीणबाईंचं पूर्ण नाव, खाली गाव. "आपल्या घरात त्यांचा डबा, त्यात त्यांचा तांदूळ. भ्यायचं तर आता दोन्ही घरांनी भ्यायचं."

बायको हुशार आहे. माझी भीती तेवढ्याने गेली नाही. साहेबाने 'डबा चोरीला गेला' म्हटलं की संपलं. माझ्या शब्दाला किंमत किती? टेंपररी.

ही वही चुलीत घालायला हवी. सौ.ला म्हटलं तर म्हणाली, "घाला. आणि मग बोलाल कुणाशी?"

१६ जाने., रवि. संध्याकाळ

आत्ताच मैदानावरून आलो. पटकन लिहितो.

शंभरच्या शंभर पोरं-माणसं आत आली. गेटवर मीच उभा होतो. धर्माने पागोट्यातून तिकीट काढलं, दोन्ही हातांनी दिलं, अर्धं फाडलेलं परत मागून घेतलं. "ऱ्हाऊ दे, दाखवाया." कनातीच्या आत येऊन तो मैदानाकडे बघतच राहिला. तेवढा एक क्षण मी भ्यालो नव्हतो.

पुढच्या खुर्च्यांवर मामलेदार साहेब, शेठ, त्यांच्या शेजारी इन्स्पेक्टर. शेठ माझ्याकडे एकदाही बघेनात. इन्स्पेक्टरांनी दोनदा बघितलं.

शेवटी शेवटी राघोने गोल मारला. आम्ही जिंकलो. मी गोल बघितलाच नाही, मी इन्स्पेक्टरांकडे बघत होतो. सगळं मैदान ओरडत उठलं तेव्हा कळलं. धर्मा नाचत होता म्हणे. तेही बघितलं नाही.

बक्षीस समारंभानंतर इन्स्पेक्टर गर्दीतून सरळ माझ्याकडे आले. "मास्तर, दिवेलागणीला येतो तुमच्याकडे. आमचा डबा न्यायचाय."

म्हटलं, मी पाठवून देतो की, साहेब.

"नको. मीच येतो." हसले का? हसल्यासारखे वाटले.

सौ.ने डबा चिंचेने घासून फळीवर ठेवलाय, नाव दाराकडे. म्हणते, "आधी बसवायचं, चहा द्यायचा. काय ते बोलून होईपर्यंत डबा हातात द्यायचा नाही." आधण ठेवलंय. पोती जागच्या जागी आहेत. खाटेवरची चादर मी तिसऱ्यांदा खाली ओढली.

अंगणात टांगा थांबला. जिन्यावर पावलं वाजताहेत, दोघांची. दुसरा वसंता असेल. काल तोच आला होता, डबाही त्यानेच आणला. वसंताच असेल.