बॉलस्क्रू बसवल्यानंतर

प्रिय भाऊजींना,

वहिनीचे आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंना सांगा, त्यांनी माझ्या गुडघ्यासाठी दिलेलं तेल मी मशीनला घातलं. मशीन कुरकुरायचं थांबलं, गुडघ्याचं चालूच आहे.

लिहायचं ते त्या मशीनबद्दलच. तुमचे दादा गेले तेव्हा मागच्या खोलीतलं धातू कापायचं मिलिंग मशीन अर्धं हाताचं, अर्धं संगणकावर चालणारं सीएनसी होतं, म्हणजे कशाचंच नव्हतं. ते पुरं करायचं मी मनावर घेतलं. (तुम्ही फोन बाजूला धरून हसलात, तेही ऐकू आलं.) कॅटलॉग वाचले, कळले नाहीत ते पुन्हा वाचले. मोटरी दोन जातींच्या. स्टेपर सांगितलेली पावलं टाकते आणि पोचली की नाही ते बघत नाही. सर्वो सारखी विचारते, पोचले का, पोचले का. या स्वभावाचं घरात एक माणूस पुरे (ते मी), म्हणून स्टेपर घेतल्या, मागेही दांडा असलेल्या. त्यामुळे दादांची हाताने फिरवायची चाकं तशीच राहिली.

टेबल सरकवणाऱ्या स्क्रूपाशी मात्र मी अडले. जुन्याला प्ले होता, म्हणजे आट्यांत ढिलेपणा. चाक फिरवलं की टेबल आधी जरा विचार करायचं, मग हलायचं. म्हणून दादा खुणेपासून अर्धा फेरा मागे जायचे आणि हळूच पुढे येऊन थांबायचे. ती सवय अंगातच गेली होती. घरातून निघाले की फाटकापर्यंत जाऊन एकदा परत यायचे, मग जायचे. शेवटच्या वेळी तेवढे आले नाहीत.

बॉलस्क्रूत गोळ्या असतात, प्ले नसतो, चाक एका बोटाने फिरतं. टेबलाला आणि वर-खाली होणाऱ्या डोक्यालाही तोच बसवला. तेव्हापासून दुपारी मी जरा पाठ टेकली की मागे चाक फिरतं. आधी उंदीर वाटला. झाडू घेऊन गेले, तर वीज बंद, मशीनचं डोकं पार खाली आलेलं आणि वरचं चाक अजून हलतंय. मी झाडू पाठीमागे लपवला. (नवरा भूत झाला तरी त्याच्यासमोर झाडू उगारून कसं उभं राहायचं?)

तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, भूत नाही हो, वजन आहे. जुना स्क्रू आपोआप अडून राहायचा, हा घसरतो. रविवारी ब्रेकवाली मोटर आणतो, गप्प बसेल." मला ते पटलं. पटलं याचंच वाईट वाटलं.

तरी मोटर जरूर आणा, आणि जाऊबाईंनाही.

तुमची वहिनी

ता. क. आज आडव्या टेबलाचं चाक फिरलं. तिथे वजनाचा संबंध नाही. वीज बंद होती, मी समोरच स्टुलावर बसले होते. चाक अर्धा फेरा मागे गेलं, मग हळूच पुढे येऊन खुणेवर थांबलं.

आणखी एक ता. क. ब्रेकवाली मोटर राहू द्या. टेबलाचा जुना स्क्रू तुम्ही नेला होता, तो भंगारात गेला नसेल तर तेवढा परत आणा. नव्यात प्ले नाही हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. मी तर सांगणार नाही, आणि तुम्हीही रविवारी त्या खोलीत हा विषय काढू नका.